झाकणावरचं नाव

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ मला कधी नीट कळलं नाही, आणि अक्षर तर असं की धाकटी म्हणते, आई, तुझ्या ओळी टेकडी चढतात. जमेल तसं वाचावं. दुसरं असं की या वहीत मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. माझंही नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आमची चाळ घाटकोपरला टेकडीवर. यांची गिरणी बंद पडली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. आमचे हे तेव्हा एका सोसायटीत वॉचमन होते. मी घरी पापड लाटायची. सकाळी सेंटरवरून मळलेलं पीठ आणायचं, दिवसभर लाटून वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन किलोमागे पैसे घ्यायचे. बाहेर बोलायला मला पहिल्यापासून लाज वाटते. रेशनच्या दुकानात माझ्यामागून आलेल्या बायका साखर घेऊन जायच्या तरी मी रांगेत उभीच असायची.

तरीही मी महिला मंडळात जात होते. वीस-बावीस बायका होतो आम्ही. पाण्यासाठी मोर्चा काढायचा, रॉकेलसाठी काढायचा, कुणाचा नवरा मारायला लागला की सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात जाऊन बसायचं. मी मागे बसायची. मंडळ चालवायच्या ताई. त्या मुलुंडला राहायच्या, कॉलेजात शिकवायच्या, आणि मोर्चात पुढे चालताना त्यांचा फोटो दोन-तीनदा पेपरात आला होता. पैशाची पेटी असायची मावशींकडे. मावशी म्हणजे महापालिकेच्या इस्पितळात आया होत्या, मूळच्या मराठवाड्याकडच्या, बौद्ध घरातल्या. तोंडाने फटकळ, पण पेटीतला एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही.

एकदा ताईंनी सांगितलं, परदेशातून एक बाई येणार आहे. तिच्या देशात लष्कराचं राज्य होतं. कपडे शिवायच्या कारखान्यातल्या पोरींना ती एकत्र करायची. तिची धाकटी बहीण त्यापायीच तुरुंगात होती. ही मात्र डोळ्यांवर उपचार करून घ्यायला म्हणून मुंबईला आली होती, निदान तिकडच्या कागदांवर तसं होतं. दोन बैठका करून गुपचूप परत जायचं होतं तिला. ताईंनी आम्हाला बजावलं, फोटो नाही, पेपर नाही, फळ्यावर नाव नाही, बाहेर चर्चा नाही. तिला नुसतं पाहुणी म्हणायचं.

त्यावर बायकांची बरीच कुरकुर झाली. हार नाही, फोटो नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही, मग सत्कार तरी कसला, असं म्हणणं पडलं. एकीने विचारलं, की ताई, पाहुणी आहे का चोरटी दारू आहे? सगळ्या हसल्या. मावशी म्हणाल्या, तुमच्या ओट्याबिट्या असू देत, तिला आधी पोटभर जेवायला घाला. शेवटी ठरलं असं, की खणानारळाने ओटी भरायची, आणि मंडळातर्फे स्टीलचा एक चांगला डबा द्यायचा. डबा आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात माझी ओळख होती.

त्याआधी एक दिवस पाहुणी माझ्या घरी आली होती. तिला बायका घरी बसून काय काम करतात ते बघायचं होतं, म्हणून ताईंनी तिला माझ्याकडे बसवलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या. परक्या बाईशी बोलायचं कसं, असं मला झालं. पण तिला थोडं हिंदी यायचं, सिनेमे बघून शिकलेली. तिने सरळ लाटणं हातात घेतलं. तिचा पापड एका बाजूला जाड आणि एका बाजूला फाटका झाला. मी हसले, तीही हसली. मग तिने छातीवर हात ठेवून हळूच स्वतःचं नाव सांगितलं. मीही माझं सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, नीट जमेपर्यंत. आणि मग ओठावर बोट ठेवलं.

ते बोट मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं. पण मला तो आम्हा दोघींतला खेळ वाटला. माझं नाव असं मुद्दाम घोकून कुणी कधी घेतलं नव्हतं. घरी मी अमक्याची आई, चाळीत तमक्या खोलीतली वहिनी. तिचं नाव माझ्याजवळ आहे या गोष्टीचा मला दोन दिवस आनंद होता.

आता डब्याचं. आमच्यात भांडं दिलं की त्यावर नाव घालतात, हे कुणाला सांगायला नको. माझ्या लग्नात आलेल्या प्रत्येक तांब्यावर, ताटावर, परातीवर नाव होतं. कुणाकडून, कुणाला, तारीख. पण ती नावं सासऱ्यांची, यांची, फार तर सासूबाईंची. सासूबाईंच्या नावाच्या कळशीने मी वीस वर्षं पाणी भरलं. माझं नाव घातलेली एक वाटीसुद्धा घरात नव्हती.

दुकानदाराने डबा दाखवला. झाकण घट्ट, पापडांना एकदम बरोबर. मी पैसे दिले. त्याने सवयीने डबा दाराशी बसलेल्या नाव घालणाऱ्याकडे सरकवला. तो त्याची घुर्र करणारी मशीन घेऊन बसलेला असायचा. त्याने विचारलं, काय घालायचं?

काही नको, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी म्हटलं नाही. माझ्या मनात आलं, नाव नसलेलं भांडं म्हणजे भिकेत दिल्यासारखं, नाहीतर चोरून आणल्यासारखं. ताईंनी फोटो नको म्हटलं होतं, फळा नको म्हटलं होतं, डब्याबद्दल त्या बोलल्या नव्हत्या. असं सगळं मी तिथे उभ्या उभ्या स्वतःला समजावलं आणि पाहुणीचं नाव सांगितलं. परदेशी आहे कळल्यावर तोच म्हणाला, इंग्रजीत घालतो, तिकडे वाचता आलं पाहिजे ना. शाळांचे कप तोच करायचा, त्याला इंग्रजी यायचं. खाली मंडळाचं नाव, घाटकोपर, मुंबई, तारीख. एवढं झाल्यावर मी म्हटलं, झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी जागा आहे, तिथे मराठीत हस्ते लिहा. आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव.

ही गोष्ट मी आजवर कुणालाच नीट सांगितलेली नाही. लोकांनी धरलं की बाई अडाणी, दुकानदारापुढे बोलता आलं नाही, चूक झाली. ते खोटं नाही. पण मला ते नाव तिथे हवं होतं. लांबच्या देशात कुठल्यातरी स्वयंपाकघरात माझं नाव राहील, एवढं मला हवं होतं.

कार्यक्रम दार लावून झाला. डबा मी घरूनच पापड भरून, खणात गुंडाळून आणला होता, त्यामुळे वरचं कुणाला दिसलं नाही. पाहुणीची ओटी भरताना तिला पदर कसा धरायचा ते कळेना, तिचा आपला फ्रॉकसारखा झगा, तर मावशींनीच स्वतःचा पदर तिच्यापुढे धरला. आमच्यात हे नसतं गं, पण धरते, म्हणाल्या. सगळ्या खूप हसलो. मी पाहुणीला सांगितलं, पापड मोडतात, डबा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी चार वाजता तिचं विमान होतं. मी अकराच्या सुमारास मावशींना दुकानाचं बिल द्यायला मंडळाच्या खोलीत गेले. ताईही तिथे सतरंज्या आवरत होत्या. मावशींनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली.

"डबा कळला. हे नाव घालणे काय आहे गं?"

ताईंचे हात थांबले. त्यांनी विचारलं, कुणाचं नाव? मी सांगितलं. हस्तेचं सांगितलं नाही.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सतरंजीवर खाली बसल्या आणि अगदी हळू आवाजात बोलू लागल्या, वर्गात बोलतात तशा. तिच्या देशात विमानतळावर प्रत्येक पिशवी उलटी करतात. ती डोळ्यांच्या उपचाराला गेली होती असं तिचे सगळे कागद सांगतात. आणि हा डबा सांगणार की ती मुंबईत बायकांच्या मंडळात गेली, अमुक तारखेला गेली, तिथे तिचा सत्कार झाला.

"तिची बहीण आधीच आत आहे, वहिनी. या एका डब्यावर तिलाही आत टाकतील."

ताई उठून खालच्या केमिस्टकडे फोन करायला धावल्या. पाहुणी अंधेरीला ताईंच्या ओळखीच्या घरी उतरली होती. परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. पाहुणी त्या घरून आधीच निघाली होती, वाटेत कुणाला तरी भेटून सहारला पोहोचणार होती. म्हणजे गाठायचं तर विमानतळावरच. मी म्हटलं, ताई, चला लवकर. त्या म्हणाल्या, मी येऊन चालणार नाही. माझा फोटो पेपरात आलाय, माझ्याबरोबर तिला कुणी बघितलं तर आणखी घोटाळा. तुम्हीच जा.

मी मावशींकडे बघितलं. त्यांना दुपारची पाळी होती.

"तुम्हाला कुणी ओळखत नाही," ताई म्हणाल्या. "तुम्हीच जाऊ शकता. आणि एक लक्षात ठेवा, तिथे तिला नावाने हाक मारायची नाही. काही झालं तरी."

मावशींनी पेटीतले पैसे काढून माझ्या मुठीत कोंबले. मी रिक्षा केली. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने. साकीनाक्याला अर्धा तास अडकलो. मी सारखी पुढे वाकून बघत होते, तर रिक्षावाला म्हणाला, मावशी, तुम्हीच चालवता का?

सहारला एवढी माणसं, एवढ्या बॅगा. आत जायच्या दाराशी पोलीस. त्याने तिकीट मागितलं, मला त्यातलं काही कळेना, मी बाजूला झाले आणि काचेच्या भिंतीला धरून चालत राहिले. एक तास गेला असेल. मग ती दिसली. काचेच्या पलीकडे रांगेत, पाठमोरी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीला डब्याचा गोल फुगवटा आला होता. तिच्यापुढे सहा-सात माणसं.

तिला थांबवायचं तर हाक मारायला हवी होती. तिचं नाव माझ्या तोंडात होतं. जन्मभर ज्या बाईचा आवाज फुटत नाही तिला त्या दिवशी ओरडावंसं वाटत होतं, आणि नेमकं तेव्हाच ओरडायचं नव्हतं.

मी हात वर केला आणि बांगड्या काचेवर आपटल्या. एकदा, दोनदा. तिने नाही बघितलं, बाकी सगळ्यांनी बघितलं. मी आणखी जोरात आपटल्या, दोन बांगड्या फुटल्या, मनगटाला काच लागली. पोलीस आला आणि म्हणाला, ए बाई, काय चाललंय, काच फोडतेस काय. तेवढ्यात ती वळली.

मी पिशवीकडे बोट दाखवलं. मग एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून झाकण उघडल्यासारखं केलं, आणि बोटाने हवेत रेघोट्या ओढल्या. तिला कळेना. मग मी तिच्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं.

तिने डबा काढला, खण सोडला. झाकण वाचायला किती वेळ लागतो? मला तो फार वाटला. नंतर तिने झाकण उलटं केलं आणि आतही बघितलं. मग वर मान करून माझ्याकडे. तिचा चेहरा मी इथे लिहू शकत नाही. त्यात राग असता तर लिहिला असता.

ती रांगेतून बाहेर आली. जमिनीवर बसून सगळे पापड खणात ओतले आणि गाठ मारली. रिकामा डबा घेऊन दाराशी आली आणि पोलिसाला म्हणाली, "मेरी मौसी का डब्बा है. गलती से आ गया." मराठी पोलीस होता. डबा माझ्या हातात देत म्हणाला, "एका डब्यासाठी एवढ्या लांब आलात? कमाल आहे तुमची, मावशी. भाचीच्या पिशवीतला डबा कुणी असा परत मागतं का?"

आजूबाजूची चार माणसं हसली. मी म्हटलं, हो, डबा चांगला आहे. वर बघितलं तर ती रांगेत परत गेली होती. तिने मागे वळून बघितलं नाही. बघायला नकोच होतं.

परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. ताई खोलीतच बसून होत्या, आणि मावशी पाळी बदलून आल्या होत्या. मला वाटेत कुठेतरी हे झाकण घासून टाकता आलं असतं, दगडावर, कशावरही. तसं मनातही आलं होतं. पण मी डबा तसाच त्यांच्यापुढे ठेवला. ताईंनी बाहेरचं इंग्रजी वाचलं आणि डोळे मिटले. मावशींनी झाकण उलटं केलं. त्यांना मराठी वाचता येतं, पण सावकाश. त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचलं आणि माझ्या नावापाशी थांबल्या.

"हस्ते," त्या म्हणाल्या. "हात तर तुझाच लागला, बाई."

एवढंच. पुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही. पण त्या एका वाक्यावरून मला समजलं, की त्यांना सगळं समजलं आहे.

दीड महिना काही कळलं नाही. त्या दीड महिन्यात मी पापड लाटायची, पण माझे पापड सेंटरवर जाड म्हणून परत यायचे. धाकटीने एकदा शाळेची नवी वही पुढे केली, आई, नाव घाल ना. माझा हात पेन्सिल धरेना. शेवटी ताईंकडे कुणाच्या तरी हाती निरोप आला. ती सुखरूप पोहोचली. तिकडे तिची पिशवी पूर्ण उलटी केली होती. खणाची गाठ सोडून पापड एकेक मोडून बघितले, आत काही दडवलंय का म्हणून. मोडलेले पापड तिने घरी नेऊन भाजून खाल्ले. हे ऐकून बायका हसल्या. मी घरी येऊन दार लावून घेतलं आणि पापडाच्या पोळपाटापाशी बसून राहिले.

मंडळाच्या वाढदिवसाला पुढच्या वर्षी परत प्रश्न निघाला, की पाहुणीची आठवण कशी काढायची. नाव नाही, फोटो नाही. मी सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, पूजेला नवरा हजर नसला की आपण त्याच्या जागी पाटावर सुपारी ठेवतो. तशी ठेवूया. मावशी म्हणाल्या, ठेवा, आणि एक ताटही वाढा, मग ते मी खाईन. तेव्हापासून दर वर्षी एक पाट रिकामा असतो, त्यावर सुपारी, पुढे ताट. नव्या बायका विचारतात ही कोण. आम्ही सांगतो, एक बाई होती, आहे. तिने काय काम केलं ते सगळं सांगतो. नंतर आणखी कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांबद्दल ताई सांगत गेल्या, तशा सुपाऱ्या वाढल्या. एका वर्षी पाच होत्या. तुरुंगातून सुटली असं कळलं ती पाहुणीची बहीण त्यात धरून.

राहिले पैसे. डबा, नाव घालणं आणि दोन्ही वेळची रिक्षा मिळून एकशे चार रुपये मंडळाचे गेले होते. नाव घातलेला डबा दुकानदार परत घेईना. कुणी माझ्याकडे मागितले नव्हते. मावशी म्हणाल्या, मंडळाचा खर्च म्हणून टाकते, तू कुठून आणणार? मी नको म्हटलं. यांना सांगण्यासारखं नव्हतं. सेंटरवर रोज अर्धा किलो पीठ जास्त घेतलं. मनगटं रात्री ठणकायची. आठवड्याला पाच रुपये देत गेले. कधी तीन, मुलं आजारी असली की काहीच नाही. तो डबा घेऊन मी नाव घालणाऱ्याकडेही गेले होते. त्याने मशीन लावून नाव घासून दिलं. पैसे घेतले नाहीत, म्हणाला, नाव पुसायला कुणी येत नाही, दर ठरलेला नाही. आता झाकणावर आतून बाहेरून खरखरीत डाग आहेत. डब्यात मी हळद ठेवते. हाताला ते डाग रोज लागतात.

शेवटचे चार रुपये दिले तो दिवस मला आठवतो, कारण मावशी इस्पितळातून थेट आल्या होत्या आणि त्यांच्या हाताला फिनेलचा वास होता. त्यांनी पैसे पेटीत टाकले, वही उघडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जमा कुणाच्या नावावर लिहू?"

मी म्हटलं, "नाव नका घालू."

त्यांनी थोडा विचार केला. मग सावकाश, अक्षर अक्षर लावत लिहिलं, डबा एक, एकशे चार रुपये, पूर्ण जमा. आणि पेटीला कुलूप लावलं.